वैनगंगेच्या रेतीवर शिवलेला बीच बॉल: दिवाळी ते मिरग

दिवाळीपासून मिरगापर्यंत जवळपास रोज सांजेला वापरलेल्या बॉलबद्दल हे लिहिलं आहे. बॉल शिवलेला, मऊ कव्हरचा, खास बीच व्हॉलीबॉलसाठी बनवलेला. भंडारा जिल्ह्यातल्या गावाचं मैदान, काळ्या मातीत खड्डा करून नदीची रेती भरलेली. निकाल आधीच सांगून टाकतो: फिंगर सेट, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी जोडीदाराला मारायला बॉल वर उचलून देणं, शिकायचा असेल तर घ्या. नुसतं अंडरआर्मवर (हात जुळवून खालून बॉल उचलत) खेळून वेळ घालवायचा असेल तर साधा चिकटवलेला बॉल पुरतो.

पहिली गोष्ट हवेची, कारण गावात सगळे इथेच चुकतात. इनडोअर बॉलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला 0.30 ते 0.325 किलो दाब असतो, बीच बॉलमध्ये 0.175 ते 0.225. म्हणजे पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला पौंड) साधारण अडीच ते सव्वातीन. आपल्याकडे बॉल पंक्चरच्या दुकानात नेतात आणि दगडासारखा टणक करून आणतात. टणक बॉल बोटांत बसतच नाही, लागल्याबरोबर उसळतो आणि एक हात दुसऱ्याच्या आधी सुटतो. रेफरीने डबल (एकाच खेळाडूचे दोन वेगळे स्पर्श, म्हणून फाऊल) दिली की पोट्टे रेफरीवर चिडतात. टायरचा गेज इतक्या कमी दाबाला कामाचा नाही. बॉलसाठीचा छोटा गेज वेगळा घ्या. सुई ओली केल्याशिवाय व्हॉल्व्हमध्ये घालू नका.

विदर्भात आणखी एक भानगड आहे. जानेवारीच्या सकाळी 15 अंशांत 2.8 पीएसआय भरलेला बॉल हवा तितकीच राहिली तर एप्रिलच्या 40 अंशांत आपोआप चारच्या आसपास जातो. म्हणून हवा मोजायची ती खेळायच्या वेळी, खेळायच्या जागी. उन्हात पडलेला बॉल आधी सावलीत ठेवा, मग मोजा.

बीच बॉलचा घेर 66 ते 68 सेंटीमीटर, इनडोअरपेक्षा एक सेंटीमीटर जास्त. वजन तेच, 260 ते 280 ग्रॅम. हा एक सेंटीमीटर आणि कमी हवा मिळून बोटांना थोडा जास्त वेळ मिळतो. फायदा खरा इथेच आहे.

आता हात. बॉल वर असतानाच हात कपाळासमोर तयार हवेत. अंगठे डोळ्यांकडे वळलेले, अंगठे आणि तर्जन्या मिळून त्रिकोण, कोपरं फार फाकलेली नाहीत. भार अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांवर. उरलेली दोन बोटं बाजूने नुसती सांभाळतात. बॉल तळहाताला लागू द्यायचा नाही. मनगटं मागे झुकवून बॉल कपाळापर्यंत येऊ द्यायचा आणि गुडघे, कोपरं, मनगटं एकाच वेळी सरळ करायची. शेवटी दोन्ही हात सारख्या उंचीवर थांबले पाहिजेत. उजवा हात वर गेला असेल तर बॉल डावीकडे फिरत गेलेला दिसेल. या बॉलच्या रंगीत पट्ट्यांचा इथे उपयोग होतो: फिरकी लांबून दिसते.

फिरकी म्हणजे फाऊल नव्हे, हे मात्र गावच्या टुर्नामेंटमध्ये कोणाला पटवून देणं अवघड. नियम बोलतो तो स्पर्शाबद्दल, बॉल नंतर कसा फिरला त्याबद्दल नाही. फिरकी रेफरीला संशय देते, इतकंच. बीचवर बॉल हातात क्षणभर जास्त राहिला तरी चालवून घेतात. हातात थांबला तर होल्ड, म्हणजे बॉल पकडल्याचा फाऊल. दोन हातांच्या वेगवेगळ्या स्पर्शाला मात्र माफी नाही. सर्व्हिस फिंगरने घेणं कायद्याने बंद नाही, पण वेगाने आलेल्या सर्व्हिसवर दोन्ही हात एकदम लागत नाहीत आणि डबल जाते, म्हणून कोणी घेत नाही. जोरात मारलेला स्मॅश डिफेन्समध्ये बोटांनी अडवला आणि बॉल क्षणभर अडकला, तर ते चालतं.

इनडोअरवाल्यांना सर्वात महाग पडतो तो नियम प्लेसिंगचा, म्हणजे जोरात न मारता बॉल हलकेच रिकाम्या जागी टाकण्याचा. उघड्या बोटांच्या टोकांनी बॉल नेटपलीकडे टाकणं इथे फाऊल आहे. मुडपलेल्या बोटांच्या गाठींनी, घट्ट जुळवून ताठ ठेवलेल्या बोटांनी किंवा तळहाताने मारा. फिंगर पासने बॉल पलीकडे द्यायचा तर खांद्यांच्या रेषेला काटकोनात, म्हणजे सरळ पुढे किंवा सरळ मागे. जोडीदाराला दिलेला सेट वाऱ्याने पलीकडे नेला तर सूट आहे. आणि ब्लॉक, म्हणजे नेटवर हात उंचावून समोरचा बॉल अडवणं, हा पहिला स्पर्श धरला जातो. नंतर दोनच उरतात.

सेट कुठे द्यायचा? जोडीदार आहे त्याच्याच बाजूला, नेटपासून जेमतेम एक मीटर आत, नेटच्या वर एक ते दीड मीटर, सरळ उभा. इनडोअरसारखा लांब आडवा सेट इथे वाया जातो, रेतीत धावून पोचता येत नाही. पास नेटपेक्षा खाली आला, दोन-तीन पावलं धावावं लागलं, किंवा पाय थांबायच्या आत बॉल खांद्यावर आला, तर फिंगरचा हट्ट सोडा आणि अंडरआर्म सेट द्या. हात जमिनीला समांतर, ताकद पायांतून. वारा सुटला की उंची कमी करा.

सरावाला एक साधा प्रकार: बॉल रेतीवर ठेवा, वरून दोन्ही हातांनी बोटं पसरून धरा, तीच पकड तशीच ठेवून कपाळासमोर न्या. हाताचा आकार तोच. मग गुडघ्यांवर बसून जोडीदाराकडे सेट. पाय बाद झाले की हातांची चूक उघडी पडते.

रेतीबद्दल थोडक्यात. खोली किमान 40 सेंटीमीटर हवी. 16 बाय 8 मीटरचं मैदान आणि चहूबाजूंनी 3 मीटर मोकळी जागा धरली तर 43-44 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) रेती लागते. घाटावरून आणाल तर रॉयल्टीची पावती जवळ ठेवा. गोटे आणि शिंपले चाळून काढा. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली निचऱ्याची सोय नसेल तर पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं.

बॉल कसा टिकला? पहिले काही आठवडे कव्हर जरा गुळगुळीत वाटलं, नंतर बोटांना चांगलं बसू लागलं. होळीनंतर शिलाईजवळचा रंग उडाला. नदीची रेती समुद्राच्या रेतीपेक्षा भरड, ती धागा घासते. हवा दर दोन-तीन दिवसांनी भरावी लागते. हे शिवलेल्या बॉलचं दुखणंच आहे, तक्रार नाही. दवाने ओला झाला की जड होतो; घरच्या डिजिटल काट्यावर 280 ग्रॅमच्या वर दाखवला तर सेटचा सराव त्या दिवशी करू नका, अंगठे दुखतात. वाळवायचा सावलीत, चुलीजवळ नाही. चिखलाच्या पायांनी मैदानात शिरू देऊ नका. शिलाईत बसलेली काळी माती ब्रशनेही निघत नाही.

दुकानात घेताना बॉल हलकी फिरकी देऊन वर फेकून बघा. व्हॉल्व्हची बाजू जड असेल तर तो हवेत डुगडुगतो. असा बॉल परत करा, दुसरा मागा.