जिनिंगच्या काट्यावर एक्सपी: एफ-सिक्सची फ्लॉपी, आयडीई मोड की एनलाइटची सीडी?

कापसाचा अख्खा हंगाम काढला, म्हणून आता लिहितो. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधला वजनकाट्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे देखभालीला आहे. काट्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. जुनी डिस्क गेली, नवी साटा, म्हणजे नव्या जोडणीची डिस्क लावली, तर एक्सपीची सीडी म्हणते हार्ड डिस्कच नाही! एक्सपी २००१ ची, तिच्या सीडीत एएचसीआयचा, म्हणजे साटा डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर येणार कुठून?

एफ-सिक्सचा प्रकार, म्हणजे सेटअप सुरू होताना एफ-सिक्स बटण दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणं, कागदावर सोपा आहे. निळ्या पडद्याच्या तळाशी ओळ दिसते, तेवढ्यात बटण दाबायचं. लगेच काहीच होत नाही. फायली लोड होत राहतात आणि बऱ्याच वेळाने एस दाबा म्हणून सांगतो. ड्रायव्हर मात्र ए ड्राइव्हमधूनच हवा, पेनड्राइव्ह चालत नाही. टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम ही फाइल फोल्डरमध्ये न ठेवता फ्लॉपीवर सरळ उघड्यावर लागते. पुढे कॉपी करताना सेटअप फ्लॉपी पुन्हा वाचतो, त्यामुळे ती काढायची नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही तो मोजकेच ओळखतो. आमच्याकडे चालू फ्लॉपी शोधत फिरण्यात अर्थ नव्हता.

बरेच जण सांगतात, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एएचसीआयचं आयडीई (एक्सपीला कळणारी जुनी पद्धत) करा, काम झालं. होतं खरं. काट्याला डिस्कचा वेग लागतो कुठे? पण शेजारच्या जिनिंगमध्ये तसंच केलेलं होतं. तिथे रात्र-रात्र लाइन नसते, त्यात बोर्डावरचा जुना सेल उतरला. बायोस मूळ सेटिंगवर, म्हणजे एएचसीआयवर गेलं आणि सकाळी सेवन-बीचा, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नसल्याचा, निळा पडदा. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि काटेवाला फोनवर, "भाऊ, सारं निळं झालं ना जी!" सेल बदलून, आयडीई पुन्हा लावून गाडी रुळावर आली. पण काट्यावरच्या माणसाने बायोसमध्ये शिरावं, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून मी एनलाइटने, म्हणजे एक्सपीची सीडी हवी तशी बनवून देणाऱ्या प्रोग्रॅमने, ड्रायव्हर सीडीतच घातला. ३२ बिटचा इंटेलचा एफ-सिक्स पॅक घेतला, टेक्स्ट मोड ड्रायव्हर (सेटअपच्या निळ्या पडद्यावरच लोड होणारा) निवडला, यादीतून आपल्या चिपसेटचा कंट्रोलर टिकवला. नवे पॅक एक्सपीला चालत नाहीत, जुनाच शोधावा लागतो. सेटअपने डिस्क पहिल्याच दमात दाखवली. माझ्याही काट्याचा सेल हंगामात उतरला. घड्याळ २००० सालात गेलं, पावतीवर तारीख भलतीच छापली, पण मशीन चालू झालं. दिवाणजींनी तारखेवरून चार शब्द ऐकवले, तेवढंच.

एनलाइटमध्ये विंडोजचे भाग काढून टाकायचीही सोय आहे. तिकडे हात लावू नका, नाहीतर सिरियल पोर्ट किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कधी रुसेल सांगता येत नाही. आणि एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपलाय, तेव्हा या मशीनला नेटची वायर लावायची नाही, मालकाच्या पोराने कितीही मागितली तरी.