स्पॅम निवडायचं काम: स्पॅमअसॅसिनच्या स्वयंसेवेचं एक वर्ष

फुकटच्या कामाचा कसला आलाय रिव्ह्यू, असं वाटेल. पण वर्षभर रोज पंधरा-वीस मिनिटं जिथे घातली, तिथलं खरं काय ते सांगायला हरकत नसावी.

स्पॅमअसॅसिन म्हणजे नको असलेले मेल, म्हणजे स्पॅम, ओळखणारं सॉफ्टवेअर. २००१ साली जस्टिन मेसन यांनी ते सुरू केलं, २००४ पासून ते अपाचे फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. आलेल्या मेलला शेकडो नियम लावायचे, प्रत्येक नियमाचे अधिक किंवा उणे गुण, आणि बेरीज ५ किंवा त्याहून जास्त झाली की स्पॅमचा शिक्का. मी एका छोट्या संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळते. इतकी वर्षं आयतं वापरलं, आता दोन-चार रेजेक्स (मजकुरातले ठरावीक नमुने शोधणारी सूत्रं) लिहून देऊ, एवढ्याच तयारीने गेले होते.

रेजेक्स बाजूलाच राहिले. खरी निकड निघाली हॅमची, म्हणजे हव्या असलेल्या मेलची. स्पॅम काय, बादलीभर कुणाकडेही मिळेल. खात्रीचा हॅम मात्र कुणीतरी बसून, एकेक मेल बघून वेगळा करावा लागतो. नियमांची परीक्षा रोज होते, तिला मास-चेक म्हणतात. प्रत्येक स्वयंसेवक आपण निवडलेल्या मेलवर, आपल्याच मशीनवर नियम चालवतो आणि कुठला नियम कुठे लागला एवढी नोंद पाठवतो. मेल स्वतः कुठेही जात नाही. (हे नीट वाचून घेतल्याशिवाय मी पुढे सरकलेच नव्हते.) सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून नियम ठेवायचा की काढायचा, गुण किती द्यायचे, हे ठरतं.

म्हणजे माझ्या निवडण्यातली चूक पुढे दुसऱ्याच्या इनबॉक्सला भोवू शकते. दुसऱ्याच महिन्यात तेच करून बसले होते. एका दुकानाच्या जाहिरातींना कंटाळून त्या सरळ स्पॅममध्ये ढकलल्या. पण त्या मिळाव्यात म्हणून मीच कधीतरी नाव नोंदवलं होतं, तेव्हा तो हॅमच, कितीही डोक्यात जात असला तरी. मग स्पॅममधले सगळ्यांत कमी गुणांचे आणि हॅममधले सगळ्यांत जास्त गुणांचे मेल काढून पुन्हा डोळ्यांखालून घातले. चौदा चुकीच्या जागी सापडले. ही खोड मी अजून दर रविवारी पाळते.

एका नियमाने किती घोळ होतो, त्याचा नमुना इथे नव्याने येणाऱ्याने ऐकावाच. भविष्यातली तारीख टाकलेले मेल पकडायला एक नियम होता, आणि ‘भविष्य’ म्हणजे त्यात २०१० पासून पुढचं कुठलंही साल. १ जानेवारी २०१० उजाडला आणि साध्यासुध्या मेलनाही तीनहून जास्त गुण पडायला लागले. गंमत म्हणजे दुरुस्ती विकासाच्या शाखेत (पुढची आवृत्ती घडते तिथे) आधीच झाली होती, लोकांपर्यंत जाणाऱ्या अपडेटमध्ये पोचली नव्हती.

गैरसोयी आहेत. सगळं पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि दुसऱ्याचं पर्ल रात्री अकरानंतर वाचू नये. केलेलं काम दिसत नाही. गेल्या महिन्यात माझ्यामुळे कुणाचा नोकरीचा मेल वाचला असेल, तर ते त्यालाही कळणार नाही आणि मलाही. कौतुकाची भूक असेल त्याने इकडे फिरकू नये. प्रोग्रामिंग येत नसेल तरी चालेल, पण कमांड लाइनची, म्हणजे हुकूम टाइप करून काम करून घेण्याची, भीती नको. आणि तुमचा पत्रव्यवहार इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर जरूर या. डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) पुष्कळ बरं हाताळलं जातं, पण त्या भाषांतला निवडलेला हॅम शेवटी माणसांनीच द्यायचा आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो माझ्या धाकट्या भावापायी. त्याच्या मेलच्या विषयाच्या ओळीत सगळी रोमन कॅपिटल अक्षरं, तीन उद्गारचिन्हं आणि आत पैसे ताबडतोब पाठव. ६.३ गुण पडले. पंधरा मिनिटं त्या मेलकडे बघत बसले, मग निमूटपणे हॅममध्ये टाकला. उत्तर अजून दिलेलं नाही.