प्राइम९५ : पंधरा दिवस चालणारे एकच गणित

मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘गिंप्स’ या १९९६ पासून चालू असलेल्या सामूहिक मोहिमेसाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्रॅम मी काही महिन्यांपासून घरच्या संगणकावर चालवत आहे. तो मोफत मिळतो. वीजबिल अर्थातच आपले.

मोहीम मर्सेन संख्यांची आहे, म्हणजे २ च्या मूळ घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्यांची. घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ असतेच असे नाही. २ चा ११ वा घात २०४८, त्यातून १ गेला की २०४७, आणि ती निघते २३ गुणिले ८९. या दोन्ही विभाजकांतून १ काढल्यास २२ आणि ८८ उरतात, म्हणजे ११ च्या दुपटीच्या पटी. हा योगायोग नसून नियम आहे, आणि त्यामुळेच लहान विभाजकांची चाळणी आटोक्यात राहते.

चाळणीतून वाचलेल्या संख्येची मुख्य चाचणी मात्र दमछाक करणारी आहे. मला नेमून मिळालेला घातांक १३ कोटींच्या आसपासचा होता; म्हणजे जवळजवळ चार कोटी अंकी संख्येचा वर्ग करून बाकी काढायची, आणि हे १३ कोटी वेळा. बाकीसाठी भागाकार लागत नाही, कारण मर्सेन संख्येच्या बाबतीत वर सांडलेला भाग कापून खालच्या भागात मिळवला की काम होते. खिडकीत एका फेरीला दहा मिलिसेकंद दिसत होते. गुणाकार केला तर पंधरा दिवस होतात, आणि वीज गेलेले तास वगळता तेवढेच लागले. वीज आल्यावर काम आधीच्या नोंदीपासून पुढे चालू झाले.

इतक्या फेऱ्यांत एक बिट चुकला तरी सारे वाया जाते, म्हणून प्रोग्रॅम स्वतःचे आकडे मधूनमधून पडताळतो. यातील ताण-चाचणी, म्हणजे संगणकावर पूर्ण भार टाकून तो चुकतो का हे पाहणारी सोय, तर मूळ संख्यांशी देणेघेणे नसलेल्यांनीही वापरावी. एका दुकानातून घेतलेली रॅम ‘अगदी ठणठणीत’ असल्याचे मला सांगितले गेले होते. चाचणी सुरू केल्यावर काही मिनिटांत चूक झाल्याची सूचना झळकली, आणि रॅम बदलल्यावर ती थांबली.

उणीव सांगायची तर प्राइम९५ काम करतो तो सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली, २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केलेली, ४,१०,२४,३२० अंकी विक्रमी मूळ संख्या ग्राफिक्स प्रोसेसरांच्या बळावर मिळाली. विक्रमाच्या आशेने प्राइम९५ घेणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. खिडकीचे रूपही जुन्या वळणाचे आहे, पण त्याने माझे काही अडले नाही.

माझ्या संख्येचा निकाल ‘संयुक्त’ असा आला. तिचा एकही विभाजक मात्र मला ठाऊक नाही, कारण ही चाचणी तो शोधतच नाही. पुढच्या घातांकाचे सध्या ३१ टक्के झाले आहेत.