चोखंदळ सशाला नवं गवत आणि पाला: वर्षभर वापरून आलेला अनुभव

टिमोथीचं वाळवून पुड्यात येणारं परदेशी गवत, घरी वाळवलेली हरळी, ओटचं गवत, लसूणघास (म्हणजे अल्फाल्फा, जनावरांचा हिरवा चारा) आणि मंडईतला रोजचा पाला, हे सगळं आमच्या काजू नावाच्या सशाने गेल्या वर्षभरात खाऊन, नाकारून, पुन्हा खाऊन पाहिलं आहे. काजू तीन वर्षांचा नर, नसबंदी झालेला, वजन दोन किलोच्या आसपास. पुण्यात फ्लॅटमध्ये मोकळा फिरतो आणि खाण्याच्या बाबतीत कमालीचा हट्टी आहे. ज्यांच्याकडे असा ससा आहे त्यांना "भूक लागली की खाईल आपोआप" हे वाक्य नक्की ऐकायला मिळत असणार. मलाही मिळालं. सशाच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. गवताचे तंतू पोटात जात राहिले तरच आतलं अन्न पुढे सरकतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्यात सशाला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर रात्र असो की सणाचा दिवस, सशांवर उपचार करणारे डॉक्टर गाठायलाच हवेत. त्यामुळे नवं गवत खायला लागावा म्हणून जुनं बंद करून उपाशी ठेवणं हा मार्गच नाही.

आणखी एक गोष्ट आधी सांगते. ससा खरंच चोखंदळ आहे की त्याला चावता येत नाहीये, हे तपासून घ्या. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत दळतानाच ते झिजतात. मागच्या दाढांना टोकं आली की ती जिभेला, गालाला टोचतात. अशा वेळी ससा खायला येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, मऊ पाला खातो पण गवत सोडतो, हनुवटी लाळेने ओली दिसते. पुढचे दात आपल्याला दिसतात, पण दाढा डॉक्टरांनी उपकरण घालून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. आम्ही ही तपासणी करून घेतली. दात ठीक निघाले आणि मग निश्चिंतपणे गवताच्या मागे लागता आलं.

आमची अडचण सुरू झाली ती नेहमीचा टिमोथीचा पुडा मिळेनासा झाला तेव्हा. दुसऱ्या कंपनीचा मागवला. गवत तेच, टिमोथीच. पण काजूने हुंगलं, एक काडी ओढली, खाली टाकली आणि मागचा पाय जमिनीवर आपटून कपाटामागे जाऊन बसला. आपल्याला दोन्ही पुडे सारखेच वाटतात, पण टिमोथी हे थंड हवेतलं पीक आहे. आपल्याकडे येतं ते बहुतेक अमेरिका-कॅनडाकडचं, आणि प्रत्येक पुड्यात वेगळ्या शेतातली, वेगळ्या कापणीची काडी असते. पहिल्या कापणीचं जाड, काटक, कणसांचं. दुसऱ्या कापणीचं जास्त पानांचं आणि मऊ. काजूला दुसऱ्या कापणीची सवय होती, आलं होतं पहिल्याचं. पुडा घेताना कितवी कापणी ते विचारणं मी तेव्हापासून सोडलेलं नाही.

वर्षभरानंतर माझं ठाम मत असं झालंय की ससा चवीला नाही म्हणत नाही, तो अनोळखी वासाला नाही म्हणतो. पिल्लांना आईच्या दुधातूनच कळतं की आई काय खाते, आणि पुढे ती तेच खायला धजावतात. रानात अनोळखी पाला खाऊन विषबाधा झाली तर ओकून टाकायची सोय नाही, म्हणून हा सावधपणा त्यांच्या अंगातच असतो. हे एकदा लक्षात आलं की रागही येत नाही आणि घाईही होत नाही. वास ओळखीचा करून द्यायचा, एवढंच आपलं काम.

त्यासाठी मी जे केलं त्यात सगळ्यात उपयोगी पडलं ते हे: नवं गवत आणि उरलेलं जुनं गवत एकाच सुती पिशवीत भरून काही दिवस तसंच ठेवलं. दोन्हींचा वास एकमेकांत मुरला. मग जुन्याच्या ढिगात नव्याच्या चिमूटभर काड्या, कात्रीने बोटभर लांबीच्या कापून. काजू त्या वेचून बाजूला काढायचा, मी काढू दिल्या. ढिगाशेजारी पडलेल्या काड्यांवर तो येता-जाता हनुवटी घासायला लागला. सशाच्या हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, ती घासून तो वस्तूवर आपला वास लावतो. त्यानंतर एका संध्याकाळी त्याने त्यातलीच एक काडी आडवी धरून कडेकडेने कुरतडली. नंतर ओटच्या वेळीही हेच झालं, आधी हनुवटी आणि मग दात. तेव्हापासून नव्या खाण्यावर त्याने हनुवटी घासली की मी नव्याचं प्रमाण थोडं वाढवते आणि घासली नाही तर आहे तेवढंच ठेवते. जुन्याचं नवं व्हायला आमच्याकडे महिना सहज गेला. इतर ससे लवकर वळत असतीलही, पण हट्टी सशाला एवढा वेळ धरूनच चाला.

वेळही महत्त्वाची. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त खातात. दुपारी दिलेलं नवं गवत तसंच पडून राहायचं, संध्याकाळी निदान हुंगलं तरी जायचं. त्याआधी अर्धा तास गवत उन्हात ठेवलं की दबलेला वास पुन्हा मोकळा होतो, हा फरक माझ्या नाकालाही कळला. गवताची जाळी त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या वर टांगली, कारण सशाला लेंड्या टाकता टाकता खायची सवय असते. पेलेटची, म्हणजे सशाच्या तयार गोळीखाद्याची, पूड गवतावर भुरभुरून पाहिली, तर त्याने पूड चाटली आणि गवत ठेवलं. त्या उपायाला माझ्याकडून शून्य गुण. वाळलेला पुदिना चुरून टाकणं मात्र चाललं.

हे सगळं चालू असताना रोज सकाळी लेंड्या पाहायच्या आणि आठवड्यातून एकदा वजन करायचं. गवत नीट पोटात जात असेल तर लेंड्या मोठ्या, गोल, फिकट तपकिरी होतात आणि मोडल्यावर आत काड्यांचा भुसा दिसतो. लहान, काळपट, वेड्यावाकड्या झाल्या की मिश्रण एक पायरी मागे न्यायचं. दुसऱ्या प्रकारच्या, द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ चकचकीत लेंड्या ससा स्वतःच खातो आणि ते त्याला आवश्यकच असतं. त्या जमिनीवर पडून राहायला लागल्या तर बहुतेक वेळा पेलेट किंवा गोड खाऊ जास्त होतोय असं समजावं.

आता इथल्या गवतांबद्दल, कारण परदेशी पुडा महाग पडतो आणि कधी गायब होईल याचा भरवसा नाही. माझ्या मते हरळीला तोड नाही. हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच. गणपतीला वाहायच्या २१ दूर्वांच्या जुडीतली एक कोवळी काडी काजूने हातातून घेतली, तेव्हाच वाटलं होतं की हे जमेल. पण जुड्यांवर सशाचं भागत नाही. भोरजवळ मामाचं शेत आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, हरळी काढता काढता आमची कंबर मोडते. लागेल तेवढी ने!" मी आधी एकच विचारलं, "मामा, बांधावर तणनाशक मारलंय का?" मारलेल्या बाजूची एक काडीही घेतली नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेली हरळी गच्चीवर सावलीत पातळ पसरली, रोज उलटली, काडी कडकन मोडेपर्यंत वाळू दिली. कडक उन्हात पिवळी पडते, सावलीत हिरवी राहते आणि वासही टिकतो. ताजी हरळी आधीच ओळखीची झाली होती, म्हणून वाळलेली त्याने फार कुरकुर न करता घेतली. हट्टी सशासाठी हा रस्ता मला सगळ्यात सोपा वाटला: आधी ताजं, मग अर्धवट वाळलेलं, मग पूर्ण वाळलेलं. हरळीची काडी टिमोथीपेक्षा बारीक असते, म्हणून दोन्ही मिसळून देते.

ओटचं गवत आता आपल्याकडेही मिळतं. रब्बीत दुभत्या जनावरांसाठी ओट घेतात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' नावाचा वाणही त्यासाठीच आहे. काजूला यातल्या लोंब्या विलक्षण आवडतात, आधी त्या शोधून खातो आणि मग काडीकडे वळतो. म्हणून दाणे भरायच्या आधी कापलेलं घ्यावं. पिकलेल्या दाण्यांनी वजन वाढतं.

लसूणघास देवळासमोर गाय घेऊन बसणाऱ्या मावशींकडे सहज मिळते. मी सशासाठी मागितली तर त्या म्हणाल्या, "गाईला घाल बाई, पुण्य लागेल." एक पेंढी गाईला आणि एक काजूला, असं केलं. हिरवी लसूणघास त्याने पहिल्याच दिवशी फस्त केली आणि इथेच सावध राहायचं असतं. यात टिमोथीच्या मानाने कॅल्शियम तिपटीच्या आसपास आणि प्रथिनं जवळजवळ दुप्पट असतात. इतर बहुतेक प्राणी गरजेपुरतं कॅल्शियम शोषतात, ससा मात्र खाल्लेल्यातलं बरंच शोषतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. लघवी दाट, पांढुरकी, खडूसारखी दिसायला लागली की ते जास्त होतंय. पुढे मूतखडाही होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं, गाभण किंवा पाजणारी सशीण यांना लसूणघास चांगली, मोठ्या सशाला रोजचं गवत म्हणून नको. मी आठवड्यातून एकदा मूठभर, तीही इतर गवतावर पसरून देते.

पाल्याचं तंत्र वेगळं. कोथिंबीर काजूला आधीपासून आवडायची, म्हणून प्रत्येक नवा पाला कोथिंबिरीच्या जुडीत लपवून, दोन्ही एकत्र धुवून, ओलं असतानाच दिला. ओलेपणाने वास एकमेकांना लागतो. एका वेळी एकच नवा पाला, पहिल्या दिवशी एकच पान, दुसऱ्या दिवशी लेंड्या ठीक असतील तरच पुढे. मुळ्याचा पाला, नवलकोलचा पाला, गाजराचा पाला आणि पुदिना या क्रमाने जमले. सगळ्यात जास्त वेळ शेपूने घेतला. कोथिंबिरीच्या काड्या शेवटपर्यंत ओढून खायचा आणि शेपूची बारीक पानं ताटलीच्या कडेला ओळीने पडलेली असायची. मग शेपू तासभर कापडावर सुकू दिला, वासाचा उग्रपणा उतरला आणि तेव्हा खाल्ला. आता ताजाही खातो.

पालक, माठ आणि राजगिरा यांत ऑक्सॅलेट जास्त म्हणून अधूनमधूनच. आंबटचुका मी देतच नाही. कोबीने काही सशांना गॅस होतो, आमच्याकडे फ्लॉवरची बाहेरची पानं चालली. कांद्याची पात, लसूण, बटाट्याचा पाला अजिबात नाही. भाजीवाले प्रेमाने गाजर देऊ करतात, पण गाजरात साखर असते, ते बोटाच्या पेराएवढं खाऊ म्हणून पुरे. आणि रस्त्याकडेचा पाला तोडताना गाजरगवताकडे नीट बघा. कोवळं असताना ते गाजराच्या पाल्यासारखंच दिसतं आणि ते विषारी आहे. खात्री नसेल तर ते पान घरी आणूच नका.

आज काजूच्या जाळीत निम्मं टिमोथी, उरलेल्यात हरळी आणि ओट असतं, संध्याकाळी तीन प्रकारचा पाला मिळून एक मोठी वाटी, आणि पेलेट डॉक्टरांनी ठरवून दिलेली थोडीशी. यातलं कुठलंही एक गवत बाजारातून संपलं तरी आता धावपळ होत नाही, कारण दुसरी दोन त्याच्या ओळखीची आहेत. नवीन ससा घरी आणणाऱ्यांनी तो लहान असतानाच दोन-तीन प्रकारची गवतं ओळखीची करून द्यावीत, मोठेपणी त्यालाच महिने लागतात. पाल्यासाठी मात्र त्याचं पोट गवतावर बसेपर्यंत थांबावं.

साठवणीचं तेवढं राहिलं. गवत प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवू नये, आत दमटपणा धरतो. मी सुती चादरीत गुंडाळून, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवते. जून ते सप्टेंबर एका वेळी महिन्याभराचंच घेते. मूठभर काढून झटकलं की धूळ उडाली, कुबट वास आला किंवा काळे-पांढरे ठिपके दिसले तर तो सगळा पुडा टाकून द्यायचा, कितीही महागाचा असला तरी.