'रस्ट इन पीस' : काही महिने सतत ऐकल्यावर

मेगाडेथ या अमेरिकन थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँडचा १९९० चा हा अल्बम गेले काही महिने जवळजवळ रोज ऐकतोय, प्रवासात हेडफोनवर आणि सुट्टीच्या दिवशी स्पीकरवर. ९ गाणी, जेमतेम ४० मिनिटं.

सुरुवातीला फक्त वेग जाणवतो आणि दम लागतो. हळूहळू कळतं की खरी करामत गाण्यांच्या बांधणीत आहे. 'होली वॉर्स'च घ्या. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कार्यक्रमात बँडचा गायक-गिटारवादक डेव्ह मस्टेनच्या बोलण्यावरून प्रेक्षकांत हाणामारी झाली, त्यातून हे गाणं आलं. सुसाट चाललेलं असताना मध्येच सगळं थांबतं आणि बँडचा दुसरा गिटारवादक मार्टी फ्रीडमन अकूस्टिक गिटारवर एक छोटा तुकडा वाजवतो. कोमल रिषभ आणि त्याला लागून शुद्ध गंधार. भैरव ऐकत वाढलेल्या कानाला ही जोडी लगेच ओळखू येते. त्यानंतर गाणं वेगळ्याच, जड चालीत शिरतं. इतक्या वेळा ऐकूनही त्या वळणावर मी हातातलं काम थांबवतो.

'हँगर १८'चा उत्तरार्ध म्हणजे मस्टेन आणि फ्रीडमनचा सवाल-जवाब. मस्टेनचे सोलो (एकट्याने वाजवलेले तुकडे) खरखरीत, चिडलेले. फ्रीडमनचे वळणदार, सुरात भिजलेले. एकदा हा फरक कानात बसला की कोण वाजवतंय हे न बघता सांगता येतं, आणि मग ऐकण्याची मजा दुप्पट होते. फ्रीडमन आणि ड्रमर निक मेन्झा या दोघांचा मेगाडेथबरोबरचा हा पहिलाच अल्बम, यावर विश्वास बसत नाही. 'टोर्नेडो ऑफ सोल्स'मधला फ्रीडमनचा सोलो तर गुणगुणता येतो. थ्रॅशमध्ये असे सोलो किती सापडतात?

मेन्झाकडे मात्र लोकांचं पुरेसं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. 'टेक नो प्रिझनर्स'मध्ये रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) जिथे जिथे मोडते, तिथे तो अचूक तिच्याबरोबर मोडतो. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मंचावर वाजवतानाच तो गेला.

'फाइव्ह मॅजिक्स'चे शब्द मला आजही भिडत नाहीत, संगीतासाठी ऐकतो. 'डॉन पट्रोल'मध्ये गिटार नाहीच, फक्त बासिस्ट डेव्हिड एलफसनचा बेस, ड्रम आणि पुटपुटता आवाज. एकटं लावलं तर अपुरं वाटतं. पण शेवटच्या 'पोलॅरिस'आधी तेवढी उसंत हवीच. अण्वस्त्रांवरचं हे गाणं त्या दोन मिनिटांच्या संथपणानंतर जास्त जोरात आदळतं. म्हणून शफल नको, सलग ऐका.

आता कुठली प्रत घ्यायची. २००४ मध्ये मस्टेनने अल्बम पुन्हा मिक्स केला (वाद्यं आणि आवाज यांचा मेळ नव्याने बसवला) आणि काही गाण्यांतलं गायन नव्याने रेकॉर्ड केलं. त्या आवृत्तीत जोडलेले डेमो (गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग्ज) ऐकण्यासारखे आहेत, त्यांत फ्रीडमन येण्याआधीचा गिटारवादक क्रिस पोलंड भेटतो. पण मूळ गाण्यांत नवा आवाज मला खटकतो. १९९० मधली धार त्यात नाही. मॅक्स नॉर्मनचं मूळ मिक्स कोरडं आहे, आवाज थोडा बारीक आहे, तरी प्रत्येक वाद्य आपापल्या जागी सुटं ऐकू येतं. जुनी सीडी मिळाली तर तीच घ्या. ऑनलाइन ऐकणार असाल तर आधी कुठली आवृत्ती आहे ते तपासा.