एमजीबी ठेवू की टीआर६?

दोन्ही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार. रोड टॅक्स आणि एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची तपासणी, यांचा विचारच नको, इंग्लंडमध्ये ४० वर्षं उलटली की दोन्हींना माफी मिळते. खरा प्रश्न गंजाचा. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच भार पेलते, त्यामुळे दाराखालच्या पट्ट्या, म्हणजे सिल, कुजल्या की गाडीच कमजोर, पण अख्खी नवी बॉडी अजून बनते हे मोठंच सुख. टीआर६ला चासी आहे पण मागे डिफरेन्शियलपाशी (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीपाशी) सडते, वरून चकचकीत दिसली तरी खाली टॉर्च मारून बघच. एमजीबीचे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर घरीच ट्यून होतात. टीआर६चं अडीच लिटर, सहा सिलिंडर, काय आवाज आहे राव! फक्त तिचं लुकस कंपनीचं फ्युएल इंजेक्शन जाणकाराकडेच द्यावं लागतं. स्वतः पाने फिरवून वर्षभर चालवणार असशील तर एमजीबी ठेव, त्या आवाजासाठी खर्च झेपत असेल तर टीआर६.