आरएक्स शंभरची क्रँक: नवीन टाकायची का तीच बांधायची, आणि घाट रोडचा बिनबोर्डाचा मिस्त्री

आधीच सांगतो राजेहो, क्रँक बांधणाऱ्या या दुकानाचं नाव विचारू नका, नावच नाही. शटरवर टायरची एक पुसट जाहिरात आहे, आत एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, भिंतीला तारेनं टांगलेल्या वीसेक क्रँका (पिस्टनच्या वर-खाली होण्याने इंजिनात जो शाफ्ट फिरतो तो) आणि एक मिस्त्री. नागपूरच्या घाट रोडवरून आतल्या गल्लीत शिरलं की लेथचा आवाज येतो, त्या आवाजामागे जायचं. मलापण असंच सांगितलं होतं कोणीतरी, अन् मी दोनदा चुकून टिंबर मार्टमध्ये पोचलो.

गाडी बाबांची, १९९४ ची यामाहा आरएक्स शंभर, एमएच ३१. नवीन पोरांसाठी सांगतो, ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ बनली, ९८ सीसी, बोअर ५० मिमी अन् स्ट्रोकपण ५० मिमी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणून ती तशी सुटते. बाबांचे गुडघे गेल्यापासून टिनाच्या शेडखाली उभी होती, दोन पावसाळे. मी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, तिसऱ्या किकला सुरू झाली, मी लय खूश, लगेच कोराडीला जाऊन आलो आणि येताना मानकापूरजवळ खालून टकटक टकटक. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढते, सोडला की कमी होते. पिस्टनचा आवाज असता तर गाडी थंड असताना जास्त आला असता आणि गरम झाल्यावर दबला असता, हा उलटा, जितकी गरम तितका जास्त.

चूक माझीच होती हे नंतर कळलं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकला ऑइल पंपाने पोचते, टू-स्ट्रोकमध्ये तसं काही नसते, पेट्रोलमधून जे टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल येते त्याचं धुकं क्रँककेसमधून जाते तेवढंच काय ते क्रँकच्या नशिबात. गाडी उभी राहिली की ते ऑइल निथळून जाते, ओलावा आत बसतो आणि बिग एन्डच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या खालच्या टोकाच्या, बेअरिंगमधल्या बारीक सुयांवर गंज धरतो. मग माझ्यासारखा कोणी शहाणा किक मारून थेट साठच्या स्पीडने कोराडीला जाते.

घराजवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन उतरवलं, रॉड हातात धरून एकदा हलवला अन् म्हणे क्रँक संपली भाऊ, पूर्ण असेंब्लीच टाका. किंमत ५२००, वरून बेअरिंग-सील वेगळे. मी पार्ट्सच्या दुकानात जाऊन डबा उघडून पाहिला, क्रँक चकाचक होती, पण मी म्हटलं एकदा गेज लावून दाखवता का, तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असा पाहत राहिला जसं मी नवीन कुकरची शिट्टी वाजवून मागितली. नवीन मालाला कशाला गेज? बरोबर आहे, नवीन मालाला कशाला.

मग जुनी क्रँक पिशवीत घालून इकडं आलो. साधारण माणूस रॉड वर-खाली हलवते, आजूबाजूला हलवते आणि "हलून राहिला ना" म्हणते. या मिस्त्रीनं आधी तेच समजावून सांगितलं की आजूबाजूला हलणं चांगलंच आहे, तिथं जागा पाहिजेच, नाहीतर रॉड जाम होईन. फक्त सरळ वर-खाली ओढल्यावर जराही कट, म्हणजे ढिलेपणाचा खटका, लागला नाही पाहिजे. माझ्या क्रँकला लागत होता, बोटाला स्पष्ट कळत होता. मग त्याने रॉडचं वरचं टोक आडवं झुलवून मोजलं, यामाहाच्या टू-स्ट्रोकच्या मॅन्युअलांत हे नवीन असताना ०.८ ते १ मिमी आणि जास्तीत जास्त २ मिमी दिलेलं असते, माझं अडीचच्या वर. मग क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून, फिरवताना शाफ्ट किती डगमगते ते पाहायला डायल गेज लावला, क्लचच्या बाजूला ०.०९ मिमी, मॅग्नेटच्या बाजूला ०.०४. मॅन्युअलची लिमिट ०.०३. म्हणजे एका केसाच्या जाडीइतकीपण सूट नाही, आणि आपण हे सगळं कानाने ठरवत असतो.

इथपर्यंत मला वाटलं गॅरेजवालाच खरा, टाका नवीन. पण मिस्त्री रॉडकडे पाहतच नव्हता. त्याने चष्मा वर केला आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट उन्हात धरले. बेअरिंग बसते तिथं घासल्याचा पट्टा आहे का, मॅग्नेटच्या चावीची खाच फाटली का, टेपरवर खड्डे आहेत का, आटे बरोबर आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिनच्या भोवती वेल्डिंग किंवा पंचाच्या खुणा आहेत का. मग म्हणे, "भाऊ, रॉड, पिन, बेअरिंग, वॉशर हे सगळं किटमध्ये भेटते. क्रँकचे हे दोन चाकं कुठं भेटतीन? कंपनीतून निघाल्यापासून उघडली नाई ही क्रँक. फेकू नका."

सगळा निर्णय इथंच आहे. आपली क्रँक एका तुकड्याची नसते, दोन चाकं आणि मधली पिन नुसत्या दाबाने एकमेकांत घट्ट बसलेली असतात, ना बोल्ट ना काही. प्रेसखाली पिन काढली की प्रत्येक वेळी भोक किंचित ढिलं होते. पहिल्यांदा उघडताय तर बिनधास्त बांधा. दोन-तीनदा उघडलेली असेन तर आधी भोक मोजायला सांगा, कारण ढिलं भोक पिनला धरत नाही, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की चाक पिनवर फिरते आणि अलाइनमेंट गेली. मग लोक वेल्डिंगचा टाका मारतात. तो टाका मारला की क्रँक पुढच्या वेळी बांधायच्या लायकीची राहत नाही, वरून उष्णतेने वाकते ते वेगळंच. आणि बेअरिंगची जागा किंवा चावीची खाच गेली असेन तर भावनेत न जाता नवीन घ्या, फक्त नवीनलाही गेज लावून घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

पैशाचं सांगतो. रॉड किट १६५०, दोन्ही मेन बेअरिंग सी-थ्री क्लिअरन्सची (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा असलेली) आणि सील मिळून ९००, मिस्त्रीची मजुरी ८००. एकूण ३३५०. पहिलं किट मी नेलं ते त्याने परत केलं, नवीन पिन मायक्रोमीटरमध्ये एका टोकाला वेगळी अन् दुसऱ्या टोकाला वेगळी भरली. मला वाटलं कमिशनचा खेळ असेन, आता सांगन "माझ्याकडचं घ्या". तर म्हणे, मी किट ठेवतच नाई, दुसऱ्या दुकानातून आणा अन् आधी इथं मोजा. कपाळाला हात लावला अन् गेलो बाप्पा परत, मे महिन्याची दुपार, ४५ डिग्री.

काम होताना उभं राहू देते हा मोठा प्लस. त्याने आधी दोन्ही चाकांवर आडवी सरळ रेघ ओढली, मग प्रेस. जुनी पिन निघताना असा आवाज झाला की मी दोन पावलं मागे. नवीन पिन अर्धी बसवली, कडेला गुण्या लावून पाहिलं, पूर्ण दाबली, रॉडच्या बाजूला फीलर गेज घालून जागा पाहिली. मग व्ही-ब्लॉक. पितळी हातोड्याचा एक ठोका, गेजकडे पाहणं, अर्धं वळण, परत ठोका, कधी चाकांमध्ये पाचर. पाऊण तास हेच चाललं होतं आणि मधे त्याने एका माणसाचा फोन, एका पोराचा चहा अन् माझे तीन प्रश्न असं सगळं एकाच हाताच्या इशाऱ्याने थांबवलं. शेवटी दोन्हीकडे ०.०२ च्या आत. काटा मी स्वतः पाहिला.

आता तक्रारी. चार दिवस म्हटलं होतं, अकरा लागले. फोन उचलतच नाही, अन् उचलला तर "होऊन राहिलं ना भाऊ" एवढंच. बिल नाही, फक्त रोख. आणि सील त्याने कोणाकडून तरी मागवून दिले ते कडक, लोकल, किनार नखाने वाकत नव्हती. ते मी बसवले नाही, दुसरे आणले. सीलमध्ये पैसे वाचवू नका, क्लचच्या बाजूचं गळलं की गियर ऑइल जळून पांढरा धूर निघते, आणि मॅग्नेटच्या बाजूचं गेलं की हवा खेचली जाते, मिक्श्चर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी) अन् एक दिवस भर रस्त्यात पिस्टन चिकटते. मोजमापात इतका काटेकोर माणूस सीलच्या बाबतीत इतका ढिला कसा, मला अजून कळलं नाही.

क्रँक देताना म्हणे, "तिकडं हातोड्यानं ठोकून बसवली तर माझ्याकडे भांडायला येऊ नका." आणि खरंच तेच होणार होतं. गॅरेजमधला पोरगा हातोडा घेऊनच बसला होता. शाफ्टच्या टोकावर दोन ठोके बसले की चाकं पिनवर सरकतात, पाऊण तासाची मेहनत दोन सेकंदात मातीत. मी तिथंच स्टूल टाकून बसलो, क्रँककेस गरम करून बेअरिंग आत सोडायला लावले आणि क्रँक पुलरने ओढून घ्यायला लावली. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, चालते.

गाडी आता ७०० किलोमीटर झाली. पहिले ५०० मी लिटरमागे ४० एमएल ऑइल टाकलं, अर्ध्याच्या वर अ‍ॅक्सिलरेटर नाही, मागून स्कूटीवाल्या मावश्या हॉर्न मारून पुढं गेल्या, सहन केलं. गेल्या रविवारी रामटेकला जाऊन आलो, टकटक नाही, साठ-पासष्टला फूटरेस्टला जी झिणझिण आधी होती तीपण अर्ध्यावर आली. बाबांनी गेटवरून आवाज ऐकला अन् फक्त म्हणाले, आयडल थोडं कमी कर.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो अकरा दिवस आणि सीलसाठी. आतेभाऊपण आपल्या आरएक्सजीची क्रँक घेऊन माझ्यासोबत आला होता, मिस्त्रीनं हातात घेतली, पिनभोवतीचा वेल्डिंगचा गोल पाहिला अन् तशीच परत पिशवीत टाकली. "नवीन घ्या." एक रुपया घेतला नाही, गेजपण लावला नाही. आतेभाऊला अपमान वाटला, अजूनही दुसरा मिस्त्री शोधून राहिला आहे.

जाणार असाल तर दुपारी एक ते तीन जेवायला बंद असते. क्रँक आधी डिझेलने धुवून न्या, घाण क्रँक तो हातात घेत नाही.